इंजिन गरम होईपर्यंत

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नवी गाडी आली की पहिला पेढा गणपतीला आणि दुसरा आरपीएम काकांना. गणपती पेढा घेऊन गप्प बसतो. काका पेढा तोंडात टाकतात, मागच्या बंपरपाशी कालचं वर्तमानपत्र अंथरतात, त्यावर आडवे होऊन गाडीच्या पोटाखाली डोकं घालतात आणि तिथून त्यांचा आवाज येतो, “मागे टॉर्शन बीमच दिलाय. चालायचंच.” गाडीचा मालक सात वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उभा असतो. टॉर्शन बीम म्हणजे काय हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नसतं आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलंही नसतं. त्या रात्री मात्र तो मोबाइलवर टॉर्शन बीम शोधत जागा राहतो.

काकांच्या मनात वाईट काही नसतं. खालून बाहेर आल्यावर ते शर्ट झटकून प्रेमाने सांगतात, “अहो, मागची दोन चाकं एका आडव्या दांड्याने बांधलीयेत. एक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला कळतं. स्वस्त पडतं, जागा कमी लागते, डिकी मोठी होते. वाईट नाही हो!” पण ‘वाईट नाही’ हे पेढे वाटणाऱ्या माणसाला ऐकायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. सनरूफ, अंगभर लावलेले दिवे, हुकूम ऐकणारा पडदा यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. बॉनेट मात्र उघडायला लावतात आणि आत वाकून बराच वेळ काही बोलत नाहीत.

आरपीएम हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलंय. काका पूर्वी बँकेत होते, तेही वाहनकर्जाच्या टेबलावर. लांडग्याला शेळ्या राखायला ठेवावं तर इथे उलटा प्रकार, शेळ्यांचीच दया यायची लांडग्याला. पगाराची स्लिप बाजूला सारून ते अर्जदाराला विचारत, “रोजचं रनिंग किती? वीस किलोमीटर? मग डिझेल कशाला घेताय?” एका अर्जदाराचं कर्ज त्यांनी गाडीचं मॉडेल बदलून मंजूर केलं अशी आख्यायिका त्या शाखेत अजून सांगतात. पुढे त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बँकेने ती विशेष आढेवेढे न घेता दिली म्हणे.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ २००९-१०चा असावा. पार्किंगमध्ये तेव्हा स्विफ्टवाले, इंडिका व्हिस्टावाले आणि एक पुंटोवाले अशी तिरंगी लढत चाले. प्रत्येकाची डिझेल गाडी बाकीच्या दोघांपेक्षा भारी. काका सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी हलक्या आवाजात सांगत, “तिघांचं इंजिन एकच आहे.” १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट. इतक्या कंपन्यांनी ते इतक्या गाड्यांत बसवलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. त्यातलं काही उत्पादन आपल्या रांजणगावला होई. त्यामुळे अष्टविनायकाच्या यात्रेत काकांनी बस कारखान्याच्या फाटकापाशी थांबवायला लावली आणि महागणपतीच्या आधी तिकडे हात जोडले. सहलीतल्या आजीबाईंनी आतला देव कुठला हे न विचारता नमस्कार करून घेतला. २०२०च्या एप्रिलमध्ये बीएस-सिक्सचे नियम लागू झाले, मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, तेव्हा ऐन लॉकडाउनमध्ये काका मास्क लावून पार्किंगमधल्या एका जुन्या स्विफ्टपाशी थोडा वेळ उभे राहून आले.

पण त्यांचा खरा शत्रू म्हणजे एक प्रश्न. “ॲव्हरेज किती देते?” हा प्रश्न मराठी माणूस जन्मतःच घेऊन येतो. आमच्या मागच्याच टेकडीवर एआरएआयची प्रयोगशाळा आहे, तिथे रोलरवर गाडी चालवून हा आकडा काढतात. काका म्हणतात, रोलरला ना सिग्नल असतो ना सासूबाई, त्यामुळे तो आकडा घरी आणू नये. एकदा संक्रांतीच्या तिळगुळाला ते बुगाटी व्हेरॉनबद्दल सांगत होते. आठ लिटरचं इंजिन, १६ सिलिंडर, चार टर्बो, १००१ हॉर्सपॉवर, उष्णता बाहेर टाकायला १० रेडिएटर. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर मन लावून ऐकत होते. काका थांबल्यावर त्यांनी विचारलं, “आणि ॲव्हरेज?”

काका चिडले नाहीत. त्यांनी हिशेबच मांडला. ताशी ४०७ किलोमीटरने ही गाडी पळवली तर १०० लिटरची टाकी सुमारे १२ मिनिटांत रिकामी होते. म्हणजे ८० किलोमीटर. म्हणजे लिटरला एक किलोमीटरही नाही. “पुण्याहून निघालात तर खंडाळ्याच्या आसपास पेट्रोल संपेल,” काका म्हणाले. “आणि बरं का, त्या वेगाला टायर १५ मिनिटं टिकतात. म्हणजे टायर फुटायच्या आत पेट्रोल संपतं. सुरक्षेचा केवढा विचार केलाय बघा!” मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सीएनजी बसवता येईल का?”

मॅक्लॅरेन एफ-वनचीही अशीच गत झाली. १९९८ साली या गाडीने ताशी ३८६ किलोमीटर गाठले होते आणि तिच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पत्रा आहे, कारण सोनं उष्णता परतवतं, हे काका सांगत होते. सोनं म्हटल्यावर काकांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “इंजिनाला?” एवढाच शब्द त्या बोलल्या, पण काकांनी विषय बदलून आसनांवर नेला. या गाडीत तीन आसनं असतात, चालवणारा मधोमध आणि दोघं त्याच्या दोन्ही अंगांना थोडे मागे. गॉर्डन मरे या कल्पक माणसाने ही रचना केली तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर एका बाजूला पत्नी आणि दुसऱ्या बाजूला मेहुणी बसली तर उजवीकडे वळायची सूचना नेमकी कोणाची मानावी, याचा विचार केला नसावा.

आता काकांच्या स्वतःच्या गाडीबद्दल. ती आहे फियाट पॅलिओ, १.६ लिटरची, शंभर हॉर्सपॉवरची, त्या काळच्या हिशेबाने वाघीणच. तिची जाहिरात सचिन करायचा. सचिनची सही असलेली एस-टेन नावाची पॅलिओही निघाली होती. काकांची गाडी त्यातली नाही, हे शल्य ते बाळगून आहेत. २००२ साली सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना दिली, तीही मायकल शूमाकरच्या हस्ते. सीमाशुल्क माफ केल्यावरून देशात गदारोळ झाला आणि शेवटी ते शुल्क फियाटनेच भरलं. हे सगळं काका तारीखवार सांगतात. २०११ मध्ये सचिनने ती फेरारी विकली आणि ती सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली, इथे मात्र त्यांचा आवाज चढतो. “महाराजांनी सुरतेहून आणलं, आणि आपण सुरतेला दिलं!”

पॅलिओला पंधरा वर्षं झाली तेव्हा त्यांनी फेरनोंदणी करून हरित कर भरला. असा आनंदाने कर भरणारा माणूस आरटीओने त्याआधी पाहिला नसावा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं तसे त्यांनी इंधनाचे सगळे रबरी पाइप बदलले. सुटे भाग ते जुन्या बाजारात धुंडाळतात, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. पॅलिओ सुरुवातीला कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे काका त्या फेरीला ‘माहेरी जाऊन येतो’ म्हणतात. परत येतात तेव्हा हातात पिशवी असते आणि पिशवीत एक दाराची कडी असते, आणि ती कडी ते घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवतात.

इतकी जिवापाड जपलेली, शंभर घोड्यांची गाडी हा माणूस चालवतो कशी? ताशी ३५ने.

यामागे भित्रेपणा नाही, विद्या आहे. काकांना एवढं माहीत आहे की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर पडतच नाही. गार इंजिनात तेल घट्ट असतं, झीज सर्वांत जास्त तेव्हाच होते. काट्यावर पाणी गरम दिसलं म्हणजे तेल गरम झालं असं नाही, तेलाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तोवर आरपीएमचा काटा २०००च्या वर न्यायचा नाही. आता मंडई, बँक, दवाखाना ही काकांची सगळी मुक्कामाची ठिकाणं तेल गरम व्हायच्या आधीच येतात. तिथे गाडी थांबते, गार होते, आणि परतताना हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. शंभर घोड्यांपैकी ऐंशी तरी घोडे गेली वीस वर्षं तबेल्यातून बाहेर आलेले नाहीत.

त्यातून पुढच्या गाडीपासून अंतर. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर, वेग दुप्पट झाला की ब्रेक लावून थांबायचं अंतर चौपट होतं, ही आकडेमोड काकांच्या डोक्यात सतत चालू असते. म्हणून ते तीन सेकंदांचं अंतर ठेवतात. कर्वे रोडवर तीस मीटर मोकळा रस्ता म्हणजे सार्वजनिक आमंत्रण. त्यात एक पीएमटी घुसते, तिच्या मागे दोन रिक्षा, एक टेम्पो. काका शांतपणे टेम्पोच्या मागे पुन्हा तीन सेकंद सोडतात. त्यात पुढचे येतात. एकदा मी त्यांच्याबरोबर डेक्कनला निघालो होतो. नळ स्टॉपपाशी आपण पुढे चाललोय की मागे, अशी शंका यायला लागली.

वहिनींना या सगळ्याचं काही नाही. त्यांच्याकडे छोटी ऑटोमॅटिक आहे. किल्ली फिरवली, निघाल्या, पोचल्या. गाडीत गिअर किती हे त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, “पुढे जायचा आणि मागे जायचा.” दोघं वेगवेगळे निघाले तर लग्नाच्या हॉलवर वहिनींचं जेवण होतं तेव्हा काका पार्किंग शोधत असतात. वहिनींची गाडी एएमटी आहे, म्हणजे नेहमीचाच क्लच, फक्त पायाऐवजी मोटर दाबते, आणि गिअर बदलताना बसलेल्यांची मान जराशी पुढे जाते. काका शेजारी बसले की प्रत्येक गिअरला “हं… हं…” करतात. वहिनींना वाटतं, ते आपल्या बोलण्याला होकार देतायत. संसार यावर उत्तम चाललाय.

क्लचवरून आठवलं. कराडच्या एका लग्नात सोसायटीची बरीच मंडळी इनोव्हा करून गेली होती. पोचल्यावर सगळे उतरले, अक्षता सुरू व्हायच्या बेतात होत्या, आणि काका ड्रायव्हरशेजारी तसेच बसून. “बंद करू नकोस रे, एक मिनिट आयडलला राहू दे. घाट चढून आलायस, टर्बो लाल झाला असेल. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो. बंद केलंस तर तेल जागच्या जागी करपेल.” ड्रायव्हरने आयुष्यात पहिल्यांदा टर्बोची काळजी करणारं पॅसेंजर बघितलं. त्याने आदराने इंजिन चालू ठेवलं. मंगलाष्टकं संपली तरी ते चालूच होतं, कारण मग दोघांचं इंजेक्टरवर बोलणं निघालं.

पंगतीत मी त्यांना विचारलं की ते डीएसजी, ड्युअल क्लच म्हणतात ते काय असतं. विचारायला नको होतं असं म्हणणार नाही, कारण इतकं स्वच्छ मला कोणी समजावलेलं नाही. काकांनी वाढप्यांकडे बोट दाखवलं. “हा भातवाला बघा. त्याच्या मागे वरणवाला आधीच वाकून तयार आहे. भात पडला की त्याच क्षणी वरण. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. एक चालू असतो तेव्हा पुढचा लावून ठेवलेला असतो. मध्ये खंड नाही.” इतक्यात भातवाला पुढे निघून गेला, वरणवाला आतच गडप झाला आणि आम्ही सगळे कोरड्या भाताकडे बघत बसलो. “आणि ही,” काका म्हणाले, “एएमटी.”

वेगाची त्यांची हौस भागते ती घरात, हॉलमध्ये. इस्त्रीच्या टेबलाला त्यांनी गेमिंगचं स्टिअरिंग आवळून बसवलंय. त्याच्या आत मोटर आहे, रस्ता घसरडा झाला की ते हातात सैल पडतं, खड्डा आला की झटका देतं. खाली तीन पेडल. ब्रेक जोरात दाबला की चाकांची खुर्ची मागे सटकायची आणि काका मॉनिटरपासून दूर शोकेसपर्यंत जायचे. त्यावर त्यांनी तोड काढली, खुर्चीच्या चाकांना बूट घातले. खुर्चीला पाच चाकं, त्यामुळे पाच बूट. वहिनींचा आक्षेप खुर्चीने बूट घालण्याला नाही, सहाव्या बुटाचं काय करायचं याला आहे.

रोड रॅश आणि नीड फॉर स्पीड ते पोरखेळ मानतात, पहिल्यात तर रस्त्यावर साखळीने मारामारी. त्यांचा गेम असेटो कोर्सा, इटलीतल्या मंडळींनी २०१४ साली काढलेला. खरे ट्रॅक लेझरने मोजून त्यात उतरवलेत, उंचवटे, भेगा सगळ्यांसह. (सिंहगड रस्ताही असा मोजायला हवा, असं मी एकदा सुचवलं. काका म्हणाले, गेम बाजारात येईपर्यंत खड्डे बदललेले असतील.) त्यातही त्यांचा जीव जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर. २०.८ किलोमीटरचा तो फेरा, डोंगरातून, झाडीतून. जॅकी स्ट्युअर्टने त्याला हिरवा नरक म्हटलं, निकी लाउडा १९७६ साली तिथेच होरपळला. अलका टॉकीजच्या चौकात कुठल्या लेनमध्ये असावं हे काकांना आजवर उमगलेलं नाही, पण नॉर्डश्लाइफवर कारुसेलच्या काँक्रीटमध्ये चाक कुठे टाकायचं ते झोपेतही सांगतील.

आणि हे सगळं असूनही ते तिथेही हळू जातात! त्या गेममध्ये टायर गार असतात, गार टायरला पकड नसते. म्हणून पहिला फेरा टायर गरम करायला. सावकाश. २०.८ किलोमीटर. दुसरा फेरा सुरू होतो तेव्हा वहिनी पानं घेतात.

मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा सातवीतला पोरगा आला. बुटांच्या खुर्चीत बसला, पाय पेडलला जेमतेम पोचत होते. आणि सुटला. वळण आलं की ब्रेक नाही, बाहेरच्या कठड्याला गाडी घासायची, तिथेच वळून घ्यायचं, पुढे. समोर गाडी आली तर तिच्यावर आदळून वेग कमी करायचा. काकांचा हात छातीवर.

“अरे भिंतीला घासलास!”

“काका, डॅमेज ऑफ आहे.”

“म्हणजे?”

“काही होत नाही गाडीला.”

“पण गाडीला वाटेल ना काही!”

पोराने काकांची सगळ्यांत चांगली वेळ पहिल्याच फेरीत मोडली. दुसऱ्या दिवशी काका त्याच्या आईकडे गेले, तक्रार करायला नव्हे, कौतुक करायला. यान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश मुलगा ग्रान टुरिस्मो गेम खेळता खेळता २०११ साली त्या गेमची स्पर्धा जिंकला आणि खरा रेसर झाला, ल मानला धावला, त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमा निघाला, हे त्यांनी तिला सविस्तर सांगितलं. त्या संध्याकाळपासून पोरगा स्कॉलरशिपच्या क्लासला जातो.

काकांची देशभक्तीही याच रस्त्याने जाते. २००५ साली इंडियानापोलिसला नरेन कार्तिकेयन चौथा आला, फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय, हे सांगताना त्यांचा ऊर भरून येतो. टायरच्या भांडणामुळे त्या शर्यतीत सहाच गाड्या धावल्या होत्या, हे सांगायच्या आधी ते पाणी प्यायला उठतात. २०११ ला बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली तेव्हा ते रेल्वेने गेले आणि मोबाइलमध्ये आवाज भरून आणला. १८,००० आरपीएमचा व्ही-एट. तीच त्यांची रिंगटोन. सोसायटीच्या एका शोकसभेत, दोन मिनिटं स्तब्धता चालू असताना ती वाजली. दिवंगत गृहस्थ हयातभर ‘ॲव्हरेज किती’ विचारायचे, त्यामुळे काका फारसे ओशाळलेले दिसले नाहीत.

विजेच्या गाडीवर ते तोंडसुख घेतील असं सगळ्यांना वाटलं होतं. सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक आली, पेढा आला, काका खाली आडवे झाले आणि खालून काही बोललेच नाहीत. मग मालकाबरोबर एक चक्कर मारून आले. मोटरला शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क मिळतो, गरम व्हायची वाट बघायची नाही, तेल नाही, गिअर नाही. “सगळं आहे हो,” ते म्हणाले, “पण मी काय करू तिथे?” एका कोरियन कंपनीने २०२३ मध्ये आपल्या इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर आणि खोटा आवाज घातल्याचं मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांचे डोळे चमकले. “खोटे गिअर? किती?”

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट वहिनींनी सांगितली म्हणून कळली. मुलगी परदेशातून येणार, विमान पहाटेचं, मुंबईला. वहिनींची गाडी सर्व्हिसिंगला, ठरवलेला टॅक्सीवाला फोन उचलेना. पॅलिओ काढली. एक्स्प्रेस वे लागला, रस्ता मोकळा, तेल गरम, वीस वर्षांत नक्षत्रं पहिल्यांदा जुळलेली. आणि काका डावीकडच्या लेनमध्ये, ताशी ६०. वहिनी म्हणाल्या, “अहो, दाबा की!” काका म्हणाले, टायर पाच वर्षं जुने आहेत, बाजूवर आठवडा आणि साल छापलेलं असतं, दाखवू का. उर्से टोलनाक्याच्या पुढे वहिनींनी गाडी थांबवायला लावली आणि स्वतः चालवायला बसल्या.

ऑटोमॅटिकची सवय. तिसरा गिअर पडला, गाडी पळायला लागली, त्यापुढे गिअर बदलायचा असतो हे वहिनींच्या लक्षातच आलं नाही. ताशी ९५, कायद्याच्या आत, पण तिसऱ्यात. काटा ५००० ला चिकटलेला. वहिनी म्हणतात, “आता ओरडतील, मग ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. बघते तर हे डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, झोप लागली.” कामशेतचा बोगदा आला तेव्हा डिसेंबरच्या थंडीत काकांनी न बोलता काच खाली केली. बोगदा संपल्यावर वर केली. चौथ्या गिअरची आठवण त्यांनी थेट लोणावळ्याला करून दिली.

तेव्हापासून रविवारी सकाळी काका पॅलिओ काढतात, सोसायटीभोवती फेऱ्या मारून तेल गरम करतात, हवा तपासतात, काच पुसतात आणि फाटकापाशी उभे राहून वर हाक मारतात, “अगं, झालीये गरम, ये!”

वहिनी गॅलरीतून पिशव्यांच्या गठ्ठ्यासह डोकावतात. “आले असते हो, पण तुमचं गरम होईपर्यंत मी चालत जाऊन भाजी आणली. आता कोथिंबीर राहिलीये तेवढी आणा.”